डावी बाजूच दबलेली का?

प्रश्न : आमच्या सभागृहात दोन बाजूंच्या स्पीकरसाठी दोन चॅनेलचा एकच पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहे. गेल्या काही कार्यक्रमांत डाव्या बाजूचा आवाज उजवीपेक्षा बराच कमी येत आहे. स्पीकर आपसांत बदलून पाहिले, तरी डावी बाजूच दबलेली राहते. आमच्याकडे विजेचा दाबही अधूनमधून उतरतो. अधिक वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा काय?
– एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : इतक्यात खर्च करू नका. विजेचा दाब उतरला तर त्याचा परिणाम दोन्ही चॅनेलवर होतो आणि तोही मुख्यतः मोठ्या आवाजात, सूर लवकर फाटण्याच्या रूपाने दिसतो. एकच बाजू दबण्याचे कारण तो नव्हे. स्पीकर निर्दोष आहेत हे तुम्ही तपासलेच आहे.

आता अ‍ॅम्प्लिफायरचे नॉब शून्यावर आणून मिक्सरकडून येणाऱ्या दोन केबल त्याच्या मागील बाजूस आपसांत बदला. कमी आवाज उजवीकडे गेला तर दोष केबलमध्ये किंवा मिक्सरमध्ये आहे. डावीकडेच राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. पहिली शक्यता खरी ठरल्यास केबल पूर्ववत लावून हीच अदलाबदल मिक्सरच्या टोकाला करा, म्हणजे उरलेल्या दोहोंपैकी दोषी कोण तेही कळेल.

माझा पहिला संशय केबलवर आहे. एक्सएलआर केबलमधील (म्हणजे मिक्सर व अ‍ॅम्प्लिफायर जोडणाऱ्या तीन पिनांच्या केबलमधील) पिन 2 आणि पिन 3 वर सहसा एकच सिग्नल परस्परविरुद्ध दिशांनी येतो आणि अ‍ॅम्प्लिफायर या दोहोंमधील फरक घेतो. प्रत्येक कार्यक्रमात गुंडाळल्या-उलगडल्या जाणाऱ्या केबलचा यांपैकी एका पिनचा सोल्डरचा टाका सुटला, तरी आवाज बंद पडत नाही; सिग्नलचा व्होल्टेज मात्र साधारण निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबल कमी आणि स्पीकरला मिळणारी शक्ती चौथाई. आवाज येत असल्यामुळे केबलकडे कोणाचे लक्षच जात नाही, आणि म्हणून हा दोष महिनोन्‌महिने टिकतो. मोबाइलवरून 100 हर्ट्झचा सूर मिक्सरला द्या, दोन्ही आउटपुटची पातळी सारखी ठेवा आणि केबलची अ‍ॅम्प्लिफायरकडील टोके काढून पिन 2 व 3 यांच्यामध्ये मल्टिमीटरने एसी व्होल्टेज मोजा. +4 डीबीयू या व्यावसायिक ध्वनियंत्रणेतील नेहमीच्या सिग्नल-पातळीला तो सुमारे 1.23 व्होल्ट असतो. आपल्याला मात्र दोन्ही केबलची मोजमापे सारखी आहेत की नाहीत, एवढेच पाहायचे आहे.

दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच निघाला, तर प्रथम दोन्ही नॉब सारख्या खुणेवर आहेत ना आणि मागील मोड स्विच स्टिरिओवर आहे ना, हे पाहा. आवाज मोठा केल्यावर डावी बाजू अचानक खुलत असेल आणि हळू आवाजात पुन्हा खरखरत दबत असेल, तर आउटपुटच्या रिलेचे (स्पीकरची जोडणी आपोआप चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) संपर्क काळवंडले असण्याची दाट शक्यता आहे. झाकण स्वतः उघडू नका, कारण आतील कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र चाचणी स्पीकर किंवा तेवढ्याच ओहमचा भार (लोड) जोडूनच घ्यायला आवर्जून सांगा. भाराविना मल्टिमीटर लावला, तर खराब रिलेमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतो आणि अ‍ॅम्प्लिफायर ‘ठीक आहे’ म्हणून तसाच परत येतो.