सशांची तब्येत घरी तपासायला कोणती उपकरणं घ्यावीत?

तुमच्याकडे दोन ससे आहेत आणि ऑनलाइन दिसणारं ‘पेट हेल्थ किट’ घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. इन्फ्रारेड थर्मामीटर, स्टेथोस्कोप, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, सगळं एकाच डब्यात. तो डबा घेऊ नका. वस्तू सुट्या घ्या, आणि सगळ्यात आधी वजनकाटा घ्या.

ससा दुखणं लपवतो. दाढा टोचायला लागल्या तरी तो वाटीपाशी जातो, तोंड हलवतो, पण पोटात कमी जातं. आणि दाट केसांमुळे तो हडकलाय हे नजरेला कळतच नाही. काट्यावर मात्र कळतं. माणसांचा काटा चालणार नाही, कारण त्यावर बहुधा 100 ग्रॅमचा टप्पा असतो आणि दोन किलोच्या सशासाठी 100 ग्रॅम म्हणजे तब्बल 5 टक्के. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या: 5 किलोपर्यंत मोजणारा, 1 ग्रॅमचा फरक दाखवणारा. ससा त्याहून जड असेल तर तान्ह्या बाळांचा काटा.

काटा टेबलावर नको, जमिनीवरच ठेवा. वरून उडी मारली तर सशाचा कणा मोडू शकतो. काट्यावर टोपली, टोपलीत जाडसर टॉवेल, मग शून्य करा आणि ससा ठेवा. टॉवेल विसरलात तर गुळगुळीत तळावर पाय घसरतात, ससा बिथरतो आणि आकडा स्थिर होत नाही. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळच्या खाण्याआधी वजन करा आणि दोघांचं वेगवेगळं लिहून ठेवा. पूर्ण वाढ झालेल्या सशाचं वजन आठवड्यात 5 टक्के उतरलं तर तो नेमकं किती खातोय ते बघा. 10 टक्के उतरलं तर डॉक्टर गाठा.

दुसरी वस्तू थर्मामीटर. साधा डिजिटल, टोक लवचीक असलेला, 10 ते 20 सेकंदांत आकडा देणारा. काचेचा अजिबात नको. इन्फ्रारेड केसांवर धरला तर केसांचंच तापमान दाखवतो, आणि कानावरही भरवसा नाही, कारण अंगातली उष्णता बाहेर टाकायचं काम सशाचे कानच करतात. खोली गार असेल तर तेही गार पडतात. त्यामुळे गुदद्वारातूनच मोजावं लागतं. हे दोघांनी मिळून करायचं काम आहे. एकाने ससा पोटाशी टॉवेलात धरायचा, मागचे पाय टेकलेले हवेत. दुसऱ्याने टोकाला पेट्रोलियम जेली लावून शेपटी हळूच उचलायची आणि टोक कण्याला समांतर दीड ते दोन सेंटीमीटर आत सरकवायचं. अडलं तर रेटू नका, आतलं आवरण फार पातळ असतं. टोक लेंडीत रुतलं तर आकडा कमी येतो. शंका आली तर पुन्हा घ्या. सशाला उताणं करून तर कधीच मोजू नका. तसा पडलेला ससा शांत दिसतो, पण तो भीतीने थिजलेला असतो.

सशाचं नेहमीचं तापमान 38.5 ते 40 सेल्सिअस, म्हणजे साधारण 101.3 ते 104 फॅरनहाइट. बऱ्याच थर्मामीटरमध्ये माणसाच्या तापासाठी वेगळा बीप असतो. तो धडधाकट सशालाही वाजतो, घाबरू नका. घाबरायचं ते आकडा 38च्या खाली आला तर. गारठलेला, न खाणारा ससा हा तापलेल्या सशाइतकाच गंभीर, बऱ्याचदा जास्तच. टॉवेलात गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात लपेटून शेजारी ठेवा आणि डॉक्टरांकडे निघा. 40.5च्या वर असेल तर गार खोलीत न्या, कान साध्या पाण्याने ओले करा (बर्फ नको) आणि डॉक्टरांना फोन करा. ससा ठणठणीत असताना दोन-तीनदा मोजून त्याचा स्वतःचा आकडा लिहून ठेवा. रोज मोजायची गरज नाही, उगाच त्रास.

स्टेथोस्कोप घ्यायचा तर लहान मुलांचा घ्या, पण हृदयाचे ठोके मोजायला नको. ते मिनिटाला 180 ते 300 पडतात, सराव नसेल तर मोजणं हाताबाहेर जातं. त्याचा खरा उपयोग पोटासाठी. शेवटच्या बरगडीच्या मागे, दोन्ही बाजूंना, किमान एकेक मिनिट ऐका. केस बाजूला करून चकती घट्ट टेकवा, नाहीतर केसांची खरखर पोटातली गुडगुड वाटते. मधूनमधून हलकी गुडगुड हवी. पूर्ण शांतता, किंवा पाणी हिंदकळल्यासारखा मोठा आवाज आणि ससा पाठ गोळा करून दात करकरत बसलेला, ही दोन्ही लक्षणं वाईट. 12 तास खाल्लं नाही किंवा लेंड्याच नाहीत, तर पोटात आवाज येत असला तरी थांबू नका. श्वासाला उपकरण लागत नाही: निवांत बसलेला असताना कुशीची हालचाल मोजा, मिनिटाला 30 ते 60. तोंड उघडून श्वास घेत असेल तर ती तातडीची वेळ आहे.

पल्स ऑक्सिमीटर माणसाच्या बोटासाठी बनलेला. केस आणि इतके जलद ठोके त्याला झेपत नाहीत. ग्लुकोमीटर डॉक्टरांच्या हाती उपयोगी आहे, आतडं अडलंय का याचा अंदाज घ्यायला. पण भीतीनेही सशाची साखर चढते, तेव्हा घरी त्या आकड्यावरून निष्कर्ष काढणं अवघड. दाढा बघायचा ओटोस्कोपही डॉक्टरांकडेच शोभतो. घरी छोटा टॉर्च पुरे: ओठ बाजूला करून पुढचे दात बघा, वरचे खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. वाढलेले दात नेलकटरने कापू नका, उभे चिरतात.

एक स्वस्त वस्तू मात्र जरूर ठेवा, लघवी तपासायच्या पट्ट्या. सशाची लघवी रंगद्रव्यामुळे लालभडक दिसू शकते आणि लोक हादरतात. रिकाम्या, धुतलेल्या ट्रेमधल्या ताज्या लघवीत पट्टी बुडवा. रक्ताचा चौकोन बदलला नाही तर तो बहुधा नुसता रंग असतो. बदलला तर त्याच दिवशी दाखवा, आणि ती लघवी बंद बाटलीत बरोबर न्या.