ओरांगउटान पुनर्वसन केंद्रात स्वयंसेवक झालो तर पिल्लांना कडेवर घेता येतं का?

नाही, चांगल्या केंद्रात घेऊ देत नाहीत, आणि जिथे फोटोसाठी पिल्लू हातात देतात तिथे कृपया जाऊ नका. आपला सर्दी-खोकला, क्षयरोग त्यांना सहज होतो. शिवाय पिल्लू जंगलात आईजवळ सहा-आठ वर्षं राहून फळं ओळखणं, झाडावर घरटं बांधणं शिकतं. अनाथ पिल्लांना हे 'वनशाळेत' शिकवावं लागतं, तेही ठरावीक स्थानिक सांभाळणाऱ्यांकडून. दर पंधरवड्याला नवा माणूस लळा लावून निघून गेला, तर ते माणसालाच चिकटतं आणि त्याला जंगलात सोडणं अवघड होतं. मलेशियातल्या सेपिलोक केंद्रातही पर्यटक पिल्लांना काचेआडूनच पाहतात.

मग तुमच्या वाट्याला काय येतं? फळं चिरणं, सुतारकाम, दोरखंडांचे झुले बांधणं. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बांबूच्या पेरात मध नि फळांचे तुकडे दडवणं: ते काडीने उकरून काढताना जनावराचं डोकं आणि बोटं दोन्ही कामाला लागतात.

अपवाद एकच: अनुभवी पशुवैद्यकाला, तेही आरोग्य तपासण्या करून आणि मास्क लावून, उपचारापुरतं जवळ जाऊ देतात.