‘पाऊस लागला की हे रात्रभर जागे असतात’

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पहाटे हे माल वर चढवायला म्हणून दुकानात गेले आणि पाणी इतकं झपाट्याने चढलं की माळ्यावरच अडकले. दुसऱ्या दिवशी होडीतून बाहेर काढलं. मी आणि मुलगी गुहागरला माहेरी होतो, फोन लागत नव्हता. समोरच्या दुकानातल्या काकांची हाक रात्री बराच वेळ ऐकू येत होती, मग बंद झाली, एवढं हे एकदाच बोलले. परत कधी नाही.

चार वर्षं होऊन गेली. दुकान उभं राहिलं, कर्जही फिटत आलं. पण पाऊस लागला की हे रात्रभर जागे. दोन-दोन वाजता बॅटरी घेऊन वाशिष्ठीचं पाणी बघायला जातात. भोंगा वाजला की हात थरथरतात. माळ्यावर अजून पाय ठेवलेला नाही, कामाच्या पोराला वर चढवतात. मुलीवर उगाच ओरडतात आणि मग स्वतःच गप्प बसून राहतात. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती दोन वर्षं चालूच आहे. सासूबाईंनी कौलही लावला. कुणी म्हणतं मानसोपचारतज्ज्ञ गाठा, कुणी म्हणतं समुपदेशक बघा. आमच्या बाजूला कोण मिळणार? आणि योग्य माणूस ओळखायचा कसा? विषय काढला की हे म्हणतात, ‘मला रत्नागिरीला पाठवायला निघालीस का?’
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. निदान करणारी मी कोण? मी डॉक्टर नाही, सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य गेलं. पण तुम्ही जे लिहिलंय त्याला नाव आहे. आघातोत्तर ताणविकार, डॉक्टर लोक त्याला पीटीएसडी म्हणतात. पुन्हा पुन्हा ती रात्र अंगावर येणं, त्या जागेला टाळणं, सतत सावध राहणं, चिडणं, जवळच्यांपासून तुटणं. जीव धोक्यात आल्यावर पहिले काही आठवडे हे कुणालाही होतं, आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागलं, तर उपचार घ्यायचे. तुमच्याकडे चार पावसाळे झाले. यात त्यांचा भित्रेपणा नाही आणि तुमची चूक तर नाहीच.

माझंही थोडं सांगते. २००५ च्या जुलैत महाडकडे जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. दरडीखालून काढलेली माणसं आमच्यापर्यंत यायची आणि त्यांच्या अंगावरचा चिखल धुण्याचं काम आम्हा सिस्टर्सकडे होतं. लाल माती, केसांत, कानांत, नखांत. बादलीतलं पाणी बदलून बदलून हात सुरकुतले होते. पुढच्या वर्षी जूनचा पहिला पाऊस पडला, सगळे अंगणात येऊन मातीचा वास छातीत भरून घेत होते, आणि मी मोरीत भिंतीला धरून उभी होते. सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

मग सांगायला गेले, तर पहिले गृहस्थ म्हणाले, ‘सिस्टर, तुम्हीच असं म्हणालात तर पेशंटनी काय करायचं? ध्यान करा.’ दुसऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत सगळं सविस्तर सांगायला लावलं. मी सांगत सुटले. पाऊण तासाने त्यांनी घड्याळ बघितलं, पुढची तारीख दिली, आणि मी एसटी स्टँडवर बाकावर बसून थरथरत होते. दोन गाड्या सोडल्या, कारण उठताच येईना. त्यांच्याकडे मी परत गेले नाही, आणि बरं होणं आपल्या नशिबात नाही असंच धरून बसले.

तिसऱ्या बाईंची खोली एका औषधाच्या दुकानावर होती. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘दाराजवळची खुर्ची हवी की खिडकीकडची? खिडकी उघडी ठेवू?’ बाहेर पाऊस होता. मी बंद ठेवा म्हटलं, त्यांनी उठून बंद केली. मग म्हणाल्या, ‘काय झालं ते आज सांगायची गरज नाही. सध्या झोप कशी आहे, जेवण कसं आहे, घरी कोण कोण आहे, एवढंच बोलू.’ पहिल्या तीन भेटींत चिखलाचं नावही निघालं नाही. श्वास कसा धरायचा, पाय जमिनीवर टेकलेत हे कसं जाणवून घ्यायचं, वास आला तर नजर कशावर ठेवायची, हे शिकवलं. ताई, जखमेला चिकटलेलं ड्रेसिंग आम्ही ओढून काढत नाही. सलाईनने भिजवतो, थांबतो, पेशंटला सांगतो की आता काढतेय, आणि तो ‘थांबा’ म्हणाला तर हात थांबतो. पण म्हणून ड्रेसिंग काढायचंच नाही असंही नसतं, आतलं साफ करावंच लागतं. आघातावर काम करणारा चांगला माणूस या दोन्ही गोष्टी करतो. पदवी बघाच, पण हे जास्त बघा.

आता पदव्यांचा गोंधळ. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र थोड्या दिवसांचा कोर्स केलेलाही लावतो. त्यांत फार चांगली माणसं मला माहीत आहेत, पण तुमच्या यांच्या दुखण्यासाठी नुसतं समजूत घालणं पुरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या आजारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यांत आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर हे दोन आहेत. सीबीटीत टाळलेल्या आठवणीकडे आणि जागेकडे पायरीपायरीने जायला शिकवतात. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे थेरपिस्टच्या बोटांमागे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं होतं. दोन्ही साधारण आठ ते सोळा भेटींचं काम असतं, आयुष्यभराचं नाही.

म्हणून फोनवरच विचारा : तुम्ही पुरात, अपघातात सापडलेल्या माणसांवर काम केलंय का? कुठल्या पद्धतीने? ती कुठे शिकलात? पहिल्या भेटीत काय होईल? मधल्या दिवसांत त्रास वाढला तर कुणाला कळवायचं? फी किती, हेही आधीच. या प्रश्नांनी चिडणारा माणूस तुमच्या कामाचा नाही. दोन-तीन भेटींनंतर यांना तिथे सुरक्षित वाटलं नाही तर बदला. मी तिसऱ्या दारात बरी झाले.

कोकणात माणसं थोडी आहेत, हे खरं. तरी सुरुवात घरबसल्या होते. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन तुम्ही स्वतः करा, नवऱ्याबद्दल विचारायचंय म्हणून. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथे चौकशी करा. आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. माणूस केसपेपर काढतो, डॉक्टरांशी बोलतो आणि घरी जेवायला परत येतो. यांना तेवढंच सांगा, की दाखवून यायचंय, राहायचं नाही.

बोलण्याचे उपचार व्हिडिओ कॉलवरही चांगले होतात. त्यामुळे ठाणे-मुंबई-पुण्यातला मराठी बोलणारा थेरपिस्ट तुम्हाला चालू शकतो. ठाण्याची आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून याच कामात आहे, तिथेही विचारता येईल. भाषेचा आग्रह धराच. काकांची हाक इंग्रजीत कशी सांगणार? अडचण येते ती रेंजची आणि माजघरातून ऐकू जाण्याची. पडवीत बसून कुणी रडू शकत नाही. त्या तासाला सासूबाईंना आणि मुलीला घेऊन तुम्ही बाहेर पडा, नाहीतर यांना रेंज असलेल्या जागी गाडीत बसून बोलू द्या.

झोपेच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. या जातीच्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि मूळ दुखण्यावर त्या काम करत नाहीत. पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने त्रास उलटतो. चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, ते हळूहळू कमी करतील आणि हवं तर सर्ट्रालीनसारखं, मूळ दुखण्यावरचं औषध सुरू करतील. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात.

कौल लावला त्यात काही वावगं नाही. सासूबाईंना म्हणा, आता योग्य डॉक्टर भेटू दे म्हणून देवाला गाऱ्हाणं घाला. त्याही मग तुमच्या बाजूने बोलतील, आणि आईचं म्हणणं हे टाळणार नाहीत.

एक गोष्ट मात्र याच आठवड्यात करा. दोघंच असताना सरळ विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का कधी?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. उलट आत दाबलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर वाट बघू नका, १४४१६ ला फोन लावा किंवा थेट रुग्णालयात न्या, एकटं सोडू नका. आंब्याच्या फवारणीचं औषध घरात असेल तर ते आजच कुलपात जाऊ दे, किल्ली तुमच्याकडे.

आणि ताई, या एवढ्या पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे, ‘फोन लागत नव्हता’. गुहागरला लेकीला जवळ घेऊन तुम्ही तो दिवस आणि ती रात्र कशी काढलीत, ते लिहिलेलं नाही. यांच्याबरोबर रात्री तुम्हीही जाग्या असणार. पुढचं पत्र तुमच्याविषयी लिहा. छापायचं नसेल तर वर तसं लिहा, मी उत्तर पोस्टाने पाठवीन.