लोकल रेडिओ खरंच चांगला, की आपल्याला उगाच तसं वाटतं?

तुमचा प्रश्न असा की लोकल रेडिओचा दर्जा मोठ्या कंपन्यांच्या म्युझिक स्टेशनांपेक्षा खरंच वरचा असतो, की ही नुसती जुन्याची ओढ? दर्जा म्हणजे सफाई म्हणत असाल तर कंपनीवाले सरळसरळ पुढे आहेत. लोकल स्टेशनवर माइक खरखरतो, निवेदक अडखळतो, मध्येच चुकीचं गाणं लागतं. तरी मी लोकलच लावतो, कारण तिथे पुढचं गाणं कुणीतरी माणूस ठरवत असतो.

मोठ्या स्टेशनांवर बऱ्याचदा गाण्याची आधी परीक्षा होते. श्रोत्यांना गाण्यातला सगळ्यात ओळखीचा तुकडा, जेमतेम सात-दहा सेकंदांचा, ऐकवायचा आणि विचारायचं: ओळखलंत का? आवडतं का? कंटाळा आलाय का? मेख इथेच आहे. काही जणांना जीव की प्राण आणि बाकीच्यांना नकोसं असलेलं गाणं बाद होतं, आणि कुणालाच फारसं न खटकणारं पास होतं. स्टेशनला धास्ती एकच, तुम्ही स्टेशन बदलाल. नव्या गाण्याचे तर वांधेच. ओळखीचं नाही म्हणून गुण कमी, गुण कमी म्हणून वाजत नाही, आणि वाजतच नाही तर ओळख होणार कशी? मग उरलेली काहीशे गाणी सॉफ्टवेअर आलटून-पालटून लावत बसतं. एकच गायक लागोपाठ येऊ नये वगैरे पथ्यं मात्र ते चोख पाळतं.

निवेदक तरी तिथे असतो का? 'व्हॉइस ट्रॅकिंग' नावाचा प्रकार आहे. संपत आलेल्या गाण्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एवढंच ऐकून निवेदक मधलं बोलणं रेकॉर्ड करतो. मधलं गाणं ऐकायचं कारणच नाही, त्यामुळे चार तासांचा कार्यक्रम तासाभरात उरकतो. "काय झकास संध्याकाळ आहे!" हे सकाळीच, कुठल्या तरी भलत्याच शहरात बसून म्हटलेलं असू शकतं.

अमेरिकेत याचं टोक दिसलं. तिथे देशभरात एका कंपनीकडे किती स्टेशनं असावीत यावरची मर्यादा 1996 च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्याने उठली, आणि पूर्वी चाळिसाच्या आसपास थांबावं लागणारी क्लिअर चॅनेल ही कंपनी काही वर्षांत बाराशेच्या घरात गेली. जानेवारी 2002 मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉट गावाजवळ मध्यरात्री मालगाडी घसरली आणि अमोनियाचा ढग वस्तीवर आला. गावातली सहा व्यावसायिक स्टेशनं याच कंपनीची होती. लोकांना सावध करायला पोलिस या रेडिओ स्टेशनांना फोन लावत होते आणि लागत नव्हता. पोलिसांनीच रेडिओवरून इशारा देण्याची यंत्रणा नीट वापरली नाही, असं कंपनीचं म्हणणं. चूक कुणाचीही धरा, स्टुडिओत जागी माणसं भरपूर असती तर एवढ्या यंत्रणेवर अडलं नसतं.

अर्थात 'लोकल' अशी पाटी लावली म्हणून काही सिद्ध होत नाही. बीबीसीने 1967 मध्ये लेस्टरपासून लोकल रेडिओ सुरू केला, पण 2023 पासून इंग्लंडमधल्या त्यांच्या लोकल स्टेशनांवर दुपारी दोननंतरचे बरेच कार्यक्रम आसपासच्या स्टेशनांशी मिळून केले जातात. उलट कंपनीच्या एखाद्या स्टेशनवर सकाळचा निवेदक अस्सल गावातला असतो. आणि काही लोकल कार्यक्रम इतके रटाळ असतात की सोय नाही. चार ओळखीच्यांना नमस्कार-चमत्कार करण्यातच अर्धा तास जातो.

म्हणून माझी पद्धत सांगतो. एखादं स्टेशन तासभर ऐका आणि निवेदकाचं कुठलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही शहरात जसंच्या तसं चाललं नसतं, ते बघा. गाणं संपल्यावर गायकाचं, संगीतकाराचं नाव सांगतात का, तेही बघा. मग धो-धो पावसात रस्ते तुंबले असतील त्या दिवशी तेच स्टेशन पुन्हा लावा. एकही वाक्य सापडलं नाही, तर गाण्यांसाठी फोनमधली स्वतःची यादी त्यापेक्षा बरी; तिच्यात निदान जाहिराती नसतात.