जिनाला आवाहन, जिनाचे आवाहन की जिनाला आव्हान?

प्रश्न थोडक्यात असा. जादूगार आणि त्यांनी बोलावलेले जिन यांच्या एका इंग्रजी मालिकेतले प्रकरण दादरच्या एका वाचनगटासाठी मराठीत उतरवताना ‘समन’ या क्रियापदाशी घोडे अडले. मसुद्यात होते ‘जादूगाराने जिनाला आव्हान केले’. एकाने ते खोडून ‘आवाहन केले’ लिहिले. दुसऱ्याचे म्हणणे, दोन्ही शब्द एकच, फक्त लिहिण्यात फरक. बरोबर काय, आणि या गोष्टीला शोभेल काय?

दोन्ही शब्द एक नाहीत, पण दुसऱ्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. ‘आवाहन’ हा ‘आ + वह्’ या धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेला शब्द, म्हणजे इकडे आणवणे. ‘आव्हान’ मूळचा संस्कृत ‘आह्वान’, ‘ह्वे’ म्हणजे हाक मारणे या धातूचा. संस्कृतात ‘ह’ आधी आणि ‘व’ नंतर. मराठी जिभेला हा क्रम जमत नाही, म्हणून ‘जिह्वा’ची जिव्हा झाली, ‘चिह्न’चे चिन्ह, ‘आह्लाद’चा आल्हाद, ‘प्रह्लाद’चा प्रल्हाद. तसेच ‘आह्वान’चे आव्हान. म्हणजे संस्कृतात दोघांचाही अर्थ बोलावण्याच्या आसपासच फिरतो. मराठीत मात्र ‘आव्हान’ आखाड्यात उतरले आणि तिथेच राहिले. आज त्याचा अर्थ ‘ये, लढ’ एवढाच.

मुंबईत हा घोळ जास्त होतो याचे एक कारण फलकांवर सापडते. हिंदीत ‘आह्वान’ अजून हाक, साद याच अर्थाने जिवंत आहे. ‘जनता से आह्वान’ या हिंदी मजकुराचे घाईत मराठी करणारा ‘जनतेला आव्हान’ लिहून मोकळा होतो आणि पुढारी मतदारांना कुस्तीला बोलावत असल्याचा भास होतो. दुसरे कारण उच्चाराचे. ‘आवाहन’ भरभर म्हटले की मधला ‘वा’ आणि पुढचा ‘ह’ एकमेकांत मिसळतात. कोणता लिहायचा हे ठरेना तर सोबतचे क्रियापद पाहावे. आव्हान देतात, स्वीकारतात, पेलतात. आवाहन करतात. ‘आव्हान केले’ दिसले की समजावे, लिहिणाऱ्याच्या मनात आवाहनच होते.

मसुद्यातले ‘आव्हान’ तर गेले. पण दुरुस्त केलेले ‘जिनाला आवाहन केले’ हेही मला चालणार नाही. इथे अडचण विभक्तीची आहे. पंचांगात ‘गौरी आवाहन’ छापलेले असते आणि बोलताना आपण ‘गौरीचे आवाहन’ म्हणतो. पावसाळ्यात महापालिका ‘नागरिकांना पाणी उकळून, गाळून पिण्याचे आवाहन’ करते. देवतेचे आवाहन म्हणजे तिला इथे आणणे, आणि माणसांना आवाहन म्हणजे त्यांना विनंती. ‘-चे’ आणि ‘-ला’ यांनी अर्थच बदलतो. ‘जिनाला आवाहन केले’ वाचताना त्या जादूगाराने जिनाला सहकार्य करण्याची विनंती केली असे वाटते. तो शब्द ठेवायचाच असेल तर ‘जिनाचे आवाहन केले’ लिहावे.

ठेवावा का, हा खरा प्रश्न. षोडशोपचार पूजेत आवाहन हा पहिला उपचार. पाठोपाठ आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन. म्हणजे पाहुणा आला, त्याला बसायला दिले, पाय धुवायला पाणी दिले. सगळा क्रम आदरातिथ्याचा आहे. शेवटी यजमान वर क्षमाही मागतो, ‘आवाहनं न जानामि न जानामि विसर्जनम्’, मला धड बोलावताही येत नाही आणि निरोपही देता येत नाही. या शब्दात बोलावणारा खाली आणि येणारा वर असतो. जादूगारांच्या गोष्टीत नेमके उलटे. तिथे बोलावणारा खडूच्या रेघेआड सुरक्षित उभा, येणारा समोरच्या रेघेत कोंडलेला, आणि पहिले वाक्य धमकीचे. इंग्रजी ‘समन’ मूळ लॅटिनमधल्या ‘गुपचूप ताकीद देणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला. त्याचाच कोर्टातला भाऊ आपल्याकडे ‘समन्स’ म्हणून रुळला आहे आणि तो आपण ‘बजावतो’. जिनाला मिळते ते आमंत्रण या समन्साच्या जातीचे. हजर राहा, नाहीतर परिणाम भोगा.

मराठीत बोलावण्याची क्रियापदे कोण वर, कोण खाली हे आपोआप सांगतात. ‘बोलावणे’ सपाट. ‘पाचारण करणे’ सरकारी आणि तातडीचे, अग्निशमन दलाला असते तसे. जादूगार जर सरकारी नोकर असतील तर त्यांच्या कार्यालयीन कागदात हा शब्द मजा आणील. ‘हजर करणे’ पोलिसी. ‘जागवणे’ मसणवटीतले. ‘सिद्ध करणे’ म्हणजे मंत्र किंवा वेताळ कायमचा वश करणे, एका रात्रीपुरते बोलावणे नव्हे. ‘ओढून आणणे’, ‘खेचणे’, ‘उपटून आणणे’ ही ज्याच्यावर बेतली त्याच्या तोंडची.

या प्रकारच्या गोष्टींची एक ठरलेली रीत इथे कामी येते. काही प्रकरणे जादूगाराची, तृतीयपुरुषी, गंभीर. काही प्रकरणे जिनाची, प्रथमपुरुषी, तिरकस. एकच घटना दोन तोंडांनी येते. मग क्रियापदही दोन हवीत. जादूगाराच्या प्रकरणात, त्याच्या पोथीत आणि गुरूच्या तोंडी ‘आवाहन’ खुशाल राहू द्या. तो धंद्याचा शब्द आहे, आणि गुलामगिरीला पूजेचे नाव देणे हा त्या मंडळींचा स्वभावच. जिनाच्या प्रकरणात तो चुकूनही नको, आला तर टोमणा म्हणून यावा. उदाहरणादाखल:

‘मध्यरात्री रिंगण पुरे झाले. त्याने मेणबत्त्या तपासल्या आणि आवाहनाचा मंत्र तीन वेळा, एकही अक्षर न चुकता म्हटला.’

‘मला ओढून आणलं तेव्हा खोलीत मेणाचा आणि घामाचा वास होता. समोर एक पोरगं. याला म्हणे आवाहन म्हणतात. पाय धुवायला पाणी कुठं दिसलं नाही.’

दोन उताऱ्यांत ‘झाले’ आणि ‘आणलं, दिसलं’ असा फरक मुद्दाम केला आहे. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनुसार एरवीच्या लेखनात एकारान्त रूप आणि पात्राच्या तोंडी बोलण्याप्रमाणे अनुस्वार चालतो. जिनाचे अख्खे प्रकरण म्हणजे त्याचे बोलणेच, म्हणून तिथे अनुस्वार. इंग्रजीत दोन निवेदकांचा आवाज वेगळा करायला लेखकाला शब्दांशी झगडावे लागते, आपल्याला ही सोय फुकट मिळते. फक्त मध्येच गडबड होऊ देऊ नका. जिनाच्या एका परिच्छेदात ‘केलं’ आणि पुढच्यात ‘केले’ आले की आवाज फाटतो.

दुसरी गोष्ट इंग्रजीत लपते ती ‘यू’. जिन मालकाशी बोलताना तू म्हणेल, तुम्ही की आपण? माझे मत: उघडपणे ‘आपण’, मनात आणि वाचकाशी बोलताना ‘तो’, ‘कार्टं’. ‘आपली आज्ञा, मालक’ हे बारा वर्षांच्या पोराला उद्देशून आले की उपहास वेगळा पेरावा लागत नाही. पोरगा मात्र जिनाला पहिल्यापासून ‘तू’ म्हणेल. नाते पुढे बदलले तर ‘आपण’चा ‘तू’ कोणत्या पानावर होतो ते आधी ठरवून ठेवा, कारण मराठी वाचक तो क्षण नक्की टिपणार. ‘मेरे आका’ची आठवण करून देणारे ‘आका’ टाळा. त्याने जिन टीव्हीतल्या दिव्यातून निघाल्यासारखा वाटतो.

‘जिन’ या नामावरही शंका येईलच. अरबीत ‘जिन्न’ हा समूहवाचक शब्द, एकट्याला ‘जिन्नी’. मूळ धातूचा अर्थ झाकणे, दडवणे. ‘मजनू’ म्हणजे जिनाने पछाडलेला, वेडा, हाही त्याच कुळातला. मराठीत ‘जिन’ लिहिले की तीर्थंकर आणि दारू असे दोन आगंतुक दारात उभे राहतात. ‘जिन्न’ लिहावे तर ‘जिन्नांनी’ या रूपात मलबार हिलवरच्या बंगल्याचे जुने मालक डोकावतात. दोहोंत ‘जिन’ बरा, संदर्भाने निभावतो. सामान्यरूप ‘जिना-’ करा, ‘जिनाने, जिनाला’. ‘जिन्याने’ केलेत तर वाचक पायऱ्या चढू लागेल.

सगळ्यांना मिळून काय म्हणायचे, हे जास्त नाजूक. ‘स्पिरिट’ला शब्दकोशात ‘आत्मा’ सापडतो, पण ‘आत्म्याचे आवाहन’ म्हटले की मराठी मनात लगेच प्लँचेट, उपडी वाटी आणि मेलेले आजोबा. भूत, पिशाच, मुंजा, हडळ, समंध यांतले कोणीही घ्या, बहुतेक सगळी एकेकाळची माणसे, इच्छा अपुरी राहून अडकलेली. खवीससुद्धा. त्याचे नाव अरबीतून आले असले तरी आपल्याकडे तो मेलेल्या माणसाचेच भूत. जिन कधीच माणूस नव्हता. कुराणात तो धूर नसलेल्या अग्नीपासून घडवलेला आहे आणि सुलैमानाच्या दरबारात राणीचे सिंहासन आणून देतो म्हणणारा ‘इफ्रीत’ही जिनांपैकीच. इंग्रजी गोष्टींतला ‘अफ्रीत’ तो हाच. त्यामुळे समूहाला ‘भुते’ म्हणू नये. जादूगारांनी तुच्छतेने ‘पिशाच्चे’ म्हणावे आणि जिनाने त्यावर चिडावे, हे मात्र फार चांगले बसते, कारण मूळ इंग्रजीतही ‘डीमन’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागतो. तटस्थ निवेदनात ‘अदृश्य योनी’ किंवा नुसते ‘जिन आणि त्यांची जात’ पुरते.

रेघांच्या आकृतीला ‘पंचकोन’ नको, तो भूमितीतला पाच बाजूंचा. ताऱ्याची आकृती असेल तर ‘पंचकोनी तारा’. एरवी बोलण्यात ‘रिंगण’, पोथीत ‘मंडल’. इथे ल जपा. ‘जादूगार मंडळात उभा राहिला’ असे छापले गेले तर गिरगावात त्याच्या हाती पावतीपुस्तक येईल. रिंगण फसते ते दोन कारणांनी, रेघ पुसली जाते किंवा मंत्र चुकतो. रेघेला ‘तुटणे’ आणि मंत्राला ‘अडखळणे’ अशी क्रियापदे एकदा ठरवून शेवटपर्यंत तीच वापरावी, कारण शेवटच्या प्रकरणात ‘रेघ तुटली’ एवढ्या दोन शब्दांत घाबरवता आले पाहिजे.

जादूगार आपले जन्माचे नाव लपवतात, कारण ते जिनाला कळले तर पारडे फिरते. याला ‘खरे नाव’ म्हणू नका, भाषांतराचा वास येतो. ‘जन्मनाव’ आपल्याकडे तयार आहे. पत्रिकेतले, नक्षत्रावरून ठेवलेले, हाक मारायचे सोडून दुसरेच, हे बारशाला बसलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

परत पाठवण्याला पोथीत ‘विसर्जन’ म्हणा. ‘वि + सृज्’ म्हणजे सोडणे, त्यामुळे अर्थाने अगदी बरोबर, आणि आवाहनाशी जोडीही जमते: गौरींचे अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. जिनाच्या तोंडी ‘सुटलो’. ‘मुक्ती’ नको, ती मोक्षाकडे जाते. ‘पाठवणी’ तर नकोच, सनई ऐकू येईल.

राहिल्या तळटीपा. जिनाने स्वतःच्या गोष्टीला खाली विनोदी टिपा देणे ही या प्रकाराची लाडकी युक्ती आहे आणि मराठीत ती बहुतेकदा आकड्याच्या जागेवर फसते. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद येते, आपले क्रियापद शेवटी. मूळ वाक्यात आकडा पूर्णविरामावर असला म्हणून आपणही तिथेच ठेवला तर टीप भलत्याच गोष्टीला लागते. ‘उडताना मला एक अफ्रीत(१) आडवा आला’ याखाली ‘आकाराने मोठा, डोक्याने बेताचा, यातलं दुसरं त्याला सांगू नये’ ही टीप बरोबर बसते. तोच आकडा ‘आला’नंतर गेला तर वाचक घटनेचे स्पष्टीकरण शोधत खाली जातो आणि त्याला अफ्रीताचे वर्णन मिळते. आकडा प्रत्ययाच्या पुढे द्यावा, ‘अफ्रीताच्या(१) शेपटीला’ असा. ‘अफ्रीता(१)च्या’ असे शब्द चिरू नयेत. शब्दयोगी अव्यय जोडून आले तर त्याच्याही पुढे. टीप त्याच पानाच्या तळाशी हवी. प्रकरणाच्या शेवटी ढकलली की ती संदर्भसूची होते. गटात मोठ्याने वाचायचे असेल तर टीप वाक्य संपल्यावर दुसऱ्या आवाजात वाचावी, आकड्याशी थांबून नव्हे, नाहीतर क्रियापद येईपर्यंत ऐकणारा कर्ता विसरलेला असतो.