उघड्या स्टेडियममध्ये विडी ओढायला बंदी कशी? अन् गेटवर खिसे कशाला रिकामे करतात?

भाऊ, "वर आभाळ मोकळं, मग धूर कोणाच्या नाकात जाते?" हा तुमचा सवाल ऐकायला बरोबर वाटतो, पण कायद्यात बसत नाही. 2003 च्या तंबाखू कायद्यात मोकळी जागा वगळली होती. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनी ती पळवाट बुजवली. स्टेडियम, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांना 'मोकळी जागा' धरायचं नाही. म्हणजे नागपूरचं जामठा स्टेडियम असो की तालुक्याचं क्रीडा संकुल, नियम एकच. दंड 200 रुपयांपर्यंत.

माचिस-लायटर काढून घेतात ते तिकिटाच्या अटींवर बोट ठेवून. खर्रा (सुपारी-तंबाखू घोटून केलेला) तर धूम्रपानात येतच नाही, तो थुंकीपायी अडवतात. (खुर्च्यांखालचे लाल डाग पाहिले की त्यांचंही चुकत नाही म्हणा.)

राग येतो तो वागणुकीचा. एका मॅचला रांगेत माझ्यापुढं धोतरातले एक बुढे बाबा होते. गार्डनं त्यांच्या बंडीतली चुन्याची डबी काढली अन् सरळ ड्रममध्ये फेकली. पितळेची, घासून घासून गुळगुळीत झालेली. "बाबाजी, जाताना घेऊन जा" म्हणायला काय लागत होतं?

आत मात्र पासवाल्यांच्या बाजूनं आरामात धूर निघत होता. असं दिसलं तर बोर्ड शोधा. तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव तिथं लावणं मालकाला बंधनकारक आहे. अन् डबी गाडीच्या डिक्कीतच ठेवून जा.