सिंगापूरच्या मल्याळी लोकांनी श्री नारायण मिशन कसं उभं केलं? परदेशात अशी आध्यात्मिक संस्था काढायला काय काय लागतं?

आधी एक गैरसमज दूर करतो. या संस्थेची सुरुवात मंदिर बांधून झालेली नाही, आणि माझ्या मते ती टिकली त्याचं निम्मं कारण तेच आहे.

सिंगापूरच्या उत्तरेला सेंबावांगमध्ये ब्रिटिशांचा नाविक तळ होता. १९३८ साली तो सुरू झाला आणि तिथे केरळातून आलेले पुष्कळ मल्याळी नोकरीला लागले. युद्ध आणि जपानी अंमल संपल्यावर, १९४८ मध्ये, केरळचे संत आणि समाजसुधारक नारायण गुरू यांना मानणाऱ्या मल्याळी मंडळींनी श्री नारायण मिशनची स्थापना केली. गुरूंचं नाव निवडण्यामागे भक्ती होती, तशी व्यवहाराची सोयही होती. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता अशा इळवा समाजात जन्मलेल्या या माणसाने १८८८ साली केरळातल्या अरुविप्पुरमला नदीतला दगड उचलून शिवाची प्रतिष्ठापना केली, आणि १९२७ मध्ये कळवंकोडला तर मूर्तीच्या जागी आरसा बसवला. त्यामुळे त्यांच्या नावाने जमायला तंत्री (केरळी देवळाचा मुख्य पुरोहित), गाभारा, सोवळं-ओवळं काही लागत नाही.

लागतं ते एवढंच: गुरूंची तसबीर, निलविळक्कु म्हणजे पितळेची उभी समई, तिळाचं तेल, फुलं आणि ‘दैवदशकम्’. ही गुरूंची १९१४ची दहा कडव्यांची प्रार्थना. सगळ्यांनी मिळून म्हटली तर पाच-सात मिनिटांत होते. हॉल भाड्याने घेताना उघड्या ज्योतीची परवानगी आधीच विचारा. समईखाली वाळूची परात ठेवा आणि कापूर टाळा, धुराचा अलार्म बहुधा त्यानेच वाजतो. एकदा वाजला की पुढच्या महिन्यात हॉल मिळणं मुश्कील.

तारखांचा घोळ पहिल्या वर्षीच होतो. गुरूंचं जन्मनक्षत्र चतयम्, म्हणजे आपलं शततारका. ते साधारण २७ दिवसांनी येतं आणि बरेचदा कामाच्या दिवशी येतं. नक्षत्राच्या दिवशी घरी दिवा आणि लगतच्या रविवारी सामुदायिक प्रार्थना, असा ठराव सुरुवातीलाच करून टाका. नाहीतर दर महिन्याला त्यावरून वाद. जयंती चिंगम या मल्याळी महिन्यात, तिरुवोणम म्हणजे ओणमच्या मुख्य दिवसानंतर दोन दिवसांनी येते, त्यामुळे ओणम आणि जयंतीसाठी एकच हॉल, एकच आचारी असा हिशेब बसतो. ३० डिसेंबर ते १ जानेवारी ही केरळातल्या वर्कला इथली शिवगिरी यात्रा. ज्यांना वर्कलाला जाणं जमत नाही त्यांनी यात्रेचे आठ विषय (शिक्षण, स्वच्छता, ईश्वरभक्ती, संघटन, शेती, व्यापार, हस्तव्यवसाय, तंत्रशिक्षण) वाटून घेतले तर वर्षभराच्या व्याख्यानांची सोय होते. नुसत्या भजनाला येणारी तरुण मंडळी दोन वर्षांत गळतात, हे गृहीत धरा.

आता कागदपत्रं. सिंगापुरात १० किंवा जास्त लोकांची संघटना असेल तर सोसायटी म्हणून नोंदणी लागते. धर्माशी संबंध असलेल्या संस्थेला झटपट नोंदणी मिळत नाही, नेहमीच्या छाननीतून जावं लागतं. निबंधकांकडे घटनेचा नमुना मिळतो, तो नीट वाचा. सभेची गणपूर्ती २५ टक्के किंवा ३० मतदार सदस्य, यांतली लहान संख्या. ती झाली नाही तर अर्धा तास थांबून हजर लोकांवर सभा चालवता येते, पण त्या सभेत घटना बदलता येत नाही. खजिनदाराला लागोपाठ दुसऱ्यांदा त्याच पदावर राहता येत नाही. हे कलम पुष्कळांना जाचक वाटतं, मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. परदेशातल्या आपल्या मंडळांत भांडणं सिद्धांतावरून क्वचित होतात. वर्गणीची वही वर्षानुवर्षं एकाच घरात राहिली की हमखास होतात. कुरी, म्हणजे आपली भिशी, संस्थेच्या नावाने अजिबात चालवू नका. त्याला वेगळा कायदा आहे, आणि एकाने हप्ता बुडवला की नाव संस्थेचंच खराब होतं.

खरी कलाटणी सेवेच्या कामाने मिळाली. १९७१ मध्ये ब्रिटिश फौजा गेल्या आणि तळाभोवतीची वस्ती पांगली. नुसतं प्रार्थना मंडळ असतं तर बहुधा तिथेच आटोपलं असतं. मिशनने १९७९ मध्ये आजारी वृद्धांसाठी निवास सुरू केला. आज यिशूनमध्ये त्यांचं शुश्रूषागृह आहे आणि तिथे कोणत्याही वंशाच्या, धर्माच्या माणसाला घेतात. गुरूंच्या शिकवणीशी हे जुळतंच, शिवाय हिशेबातही बसतं. देणगीदाराला २५० टक्के करवजावट देणारा दर्जा सिंगापूर सरकार फक्त सर्वांसाठी खुल्या कामाला देतं. एका धर्मापुरत्या कामाला नाही. म्हणून पूजेचं खातं आणि सेवेचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. नंतर वेगळं करायला लेखापरीक्षकाची फी भरावी लागते आणि जुन्या पावत्या सापडत नाहीत.

मूर्तीची प्रतिष्ठापना मात्र घाईने करू नका. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की रोजची पूजा, नैवेद्य, पुजारी, त्याचा व्हिसा आणि राहण्याची सोय हे सगळं मागे लागतं, आणि भाड्याच्या जागेचा करार संपला तर देव हलवायचा कुठे? अयप्पा किंवा गुरुवायूरप्पाचं (म्हणजे कृष्णाचं) देऊळ काढणाऱ्यांना हे चुकत नाही, तुम्हाला चुकवता येतं. स्वतःची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची जागा हाती येईपर्यंत तसबीर आणि समई पुरेशी आहे.

मुंबईत असाल तर चेंबूरची श्री नारायण मंदिर समिती बघून या. केरळाबाहेर येऊन देऊळ आणि शाळा दोन्ही चालवण्याचा नमुना तिथे जवळून पाहता येईल. आणि ‘दैवदशकम्’ मुलांना मल्याळम लिपीतच वाचायला लावण्याचा हट्ट धरू नका. त्यांना वाचता येईल त्या लिपीत छापून द्या, चाल ती ऐकून उचलतात.